चार दहाचा उंचवटा

हात नको लावूस, रासमुस. आधी ऐक.
नळीत हे जे खडीसाखरेसारखं दिसतंय
ते गॅडोलिनियमचं मीठ.
नाव याच गावातल्या एका प्राध्यापकावरून पडलेलं,
दोनशे वर्षांपूर्वीच्या.
पुढची थट्टा तुझ्या आधीच्या सगळ्यांनी करून झालीय.

बाहेर तुर्कूत जानेवारी, अधिक दोन, पाऊस.
लोक त्याला थंडी म्हणतात.
मीही म्हणते, बसथांब्यावर.
इथं आले की तो शब्द
कोटाबरोबर खुंटीला टांगते.

चुंबक चालू कर. हळू.
पाहिलंस? तापमान चढलं.
नवी मुलं इथंच घाबरतात:
गार करायला निघालो आणि हे तापतंय कसं?
अरे, मास्तर वर्गात शिरला
की पोरं ‘सावधान’मध्ये ताठ उभी राहतात,
मग अंगातली मस्ती
कुठंतरी जायला हवीच ना?
ती हेलियम घेऊन जातो.
नेऊ दे त्याला. वीस मिनिटं.

आता दार बंद. हा स्विच, उजवीकडे,
अर्धा फेरा जास्तच दे,
जुना आहे, माझ्या गुडघ्यांएवढा.
आता आत काही येत नाही, बाहेर जात नाही.
आता चुंबक उतरव.
विश्राम.
एकेक अणू मान वळवतो, कुणी इकडं, कुणी तिकडं,
आणि वळायला लागणारी ऊब
त्याच्याकडं नसते.
शेजाऱ्याकडून उसनी घेतो.
शेजाऱ्याकडं तरी कुठली?
अशा उसनवारीत सगळी आळी गार पडते.

एक पूर्णांक चार.
एक.
शून्य पूर्णांक सहा.
तेहतीस वर्षं पाहतेय,
अजून या वेळी मला खुर्चीत टेकून बसता येत नाही.

ही जुनी वही बघ. फेब्रुवारी, रात्रपाळी.
रेघ सपाट, सपाट, आणि चार दहाला
हा एवढासा उंचवटा.
दुसऱ्या रात्री चार नऊला. मग चार बारा.
एका मुलानं यापायी दोन महिने पंप उघडले,
तारा बदलल्या,
मला विचारलं नाही.
विचारतं कोण तंत्रज्ञ बाईला!
तो आउलिस.
बर्फ काढायचा ट्रक घेऊन इमारतीच्या कडेनं जायचा,
पातं रस्त्याला घासायचं, फरशी थरथरायची,
आणि या सगळ्या कवचांच्या आत,
जिथं सूर्यही पोचत नाही,
तिथं तो पोचायचा.

अकरा वर्षं झाली वेगळं होऊन.
एका छताखाली होतो तेव्हा
तो आलेला मला कळायचाच नाही,
मोज्यांवर चालणारा माणूस.
इथं रोज कळायचा,
अंशाच्या हजाराव्या भागानं.
वहीत मी लिहायचे: ‘कंपन. कारण बाह्य.’
शाईनं.

यंदा नऊ आठवडे झाले, उंचवटा नाही.
बर्फच नाही.
तुझी रेघ बघ कशी पडलीय, काचेसारखी.
प्रबंधाला छान.
सकाळपर्यंत ही हळूहळू वर येईलच,
कितीही बंद करा,
ऊब कुठूनतरी शिरते. त्याला इलाज नाही,
पुन्हा सावधानपासून सुरू करायचं.

चार वाजून आठ झाले.
कॉफी किटलीत आहे, कडू असेल.
तू आकडे लिही.
मी जरा खाली बसून
फरशीला हात लावून बघते.