वजनाच्या रकान्यात इराप्पा

उद्यमबागेत रात्री पावणेदहा.
भट्टी निवलेली, ऑफिसातला एसी उगाच गार,
आणि पडद्यावर एक्केचाळीस ओळी लाल.
चार हजार पॅटर्न जुन्या सॉफ्टवेअरमधून निमूट आले,
हे एक्केचाळीस दारातच अडून बसले.

त्रुटी मी मोठ्यानं वाचते, ऐकायला कुणी नसताना:
वजन. अंक अपेक्षित. मिळाले: इराप्पा.
वजन. अंक अपेक्षित. मिळाले: दस्तगीर.
वजन. अंक अपेक्षित. मिळाले: पुंडलिक लोहार.
आणि अलीकडच्या रकान्यात,
ज्याचं नाव नुसतंच शेरा-३,
प्रत्येक ओळीत एकच शब्द:
केळ.

पुण्याहून मिहीर हेडफोनात हसतो.
"फाउंड्री आहे की फळबाग?
उडव तो रकाना. कस्टम फील्ड म्हणजे पोटभाडेकरू,
घर बदलताना त्यांना कोण सोबत नेतं?"

बोट डिलीटवर.
सोमवारी सकाळी आठला पहिली पाळी नव्यावर चढणार.
शेरा-३ कधी, कशाला जोडला, कुठे कागद नाही,
फक्त एक लॉगिन: कुंदा शहापूरकर, मार्च दोन हजार सहा.

"काय शोधूलालीस गं?"
निंगाप्पा स्टोअरकीपर चहा ठेवतो,
चष्मा कपाळावर ढकलतो, पडद्याला नाक लावून वाचतो.
केळ्, इराप्पा.
थांबतो. शब्दांची अदलाबदल करतो.
"इराप्पान्न केळ्."

इराप्पाला विचार.

वडगावात जन्मले मी.
शेजारच्या अव्वाच्या तोंडून हा शब्द
दिवसातून शंभरदा ऐकलेला.
पण सकाळपासून मी डोळ्यांनीच वाचत होते,
आणि माझ्या डोळ्यांना फक्त मराठी येतं.

मग दिसला स्वल्पविराम.
कुंदाबाईंनी सरळ मनानं टाकलेला.
फाइल काढताना यंत्राला तो बांध वाटला,
त्यानं ओळ तिथंच तोडली,
इराप्पा घसरला वजनात,
वजन घसरलं धातूत, धातू भावात.

अवतरणचिन्हं घातली. वजनं जागेवर आली.
तरी लालच.
शेरा-३: यादीत नसलेले मूल्य.
नव्याला सेवक क्रमांक हवा, तोही चालू.

इराप्पा बडिगेर करोनाच्या दुसऱ्या वर्षी गेला.
पुंडलिकचा फोन लागत नाही.
दस्तगीर कित्तूरला, मुलीकडे.
निंगाप्पा त्याला उठवतो,
कानडीत माफी, दखनीत खोकला, आणि उत्तर मराठीत:
"अठ्ठ्याऐंशी नंबर? उजव्या कोअरखाली
बोटभर वाळू जादा. नाहीतर चीर जातीय.
लिव्हलंय की तिथं, मला विचारा म्हणून."

मी रकान्याचा प्रकार बदलते.
यादी नको. मजकूर. दोनशे पंचावन्न अक्षरं.
अनिवार्यच्या चौकटीतली खूण काढते.
"आणि मेलेल्यांचं काय?" मिहीर विचारतो, आता न हसता.
इराप्पाच्या अकरा ओळी मी तशाच ठेवते.
बोटभर की दोन बोटं,
चीर गेल्यावर कळेल.

चाळीस हिरव्या.
एक उरली. केळ.
पुढे स्वल्पविराम नाही, नाव नाही.
विचार. पण कुणाला?

निंगाप्पा टॉर्च घेऊन मागच्या रॅककडे जातो.
पत्र्यावर काहीतरी आपटतं, एक शिवी,
एक मांजर पळतं.
परत येतो तेव्हा हातात लाकडी, वाकडा,
पिवळ्या रंगाचे पोपडे उडालेला पॅटर्न.
फुंकर मारून माझ्या कीबोर्डशेजारी ठेवतो.

"हे केळंच हाय."

इतकं हसलो की वॉचमन डोकावून गेला.
मग मी ते उलटं केलं.
पोटाशी सुताराची पेन्सिल, अजून ठळक:
दोन किलो तीनशे.
इ. ब.