चौरस फूट

आठ नंबरची तार वाकवून
मी एक चौकट केली, फूट बाय फूट.
कळमन्याच्या शेडमध्ये ती खिळ्याला असते,
ग्राइंडरच्या वर.
गिऱ्हाइकं विचारतात, फोटोची फ्रेम का?
मी हो म्हणतो.
जमिनीचाच फोटो काढतो मी तिनं.

पाचगावच्या पुढं भोंगाड्यांचं बावीस एकर सोयाबीन.
मशीन अकरा वर्षं जुनं, पतियाळ्याकडून आलेलं.
ड्रायव्हर गुरमेज तसा अबोल,
ड्रम मात्र भांडखोर.
मशीन पुढं जायचं, मी मागं चौकट टाकायचो,
गुडघ्यांवर बसून भूस फुंकत दाणे मोजायचो.
बावीस. चोवीस. एकदा एकतीस.
फुटाला चार सांडले की एकरी पाव क्विंटल गेलं समजा,
मी मालकाला म्हणालो.
त्यानं वर बघितलं,
जणू नुकसान नेहमी वरूनच येतं.

मग दोन दिवस अंगभर ग्रीस.
काँकेव्हच्या झिजलेल्या सळ्या बदलल्या,
ड्रमचे फेरे उतरवले,
चाळणी नवी बसवली, पापण्या कमी-जास्त उघडणारी.
एलेव्हेटरच्या बुडाला करंगळीएवढं भोक निघालं.
किती हंगाम तिथून धार गळत होती
कुणाला न सांगता.
तिथं टाका मारला.
पंख्याचा वारा बेतात आणला.
टाकली पुन्हा चौकट.
अठरा.

धुऱ्यावर तिघी बसल्या होत्या,
मशीन सरकलं की सरवा वेचायला.
त्यातली भागरताबाई उईके उठून आली,
माझ्या चौकटीत बघून म्हणाली,
"बाबू, मांगंच काय पाहून रायला?
हे मांगून नायी सांडत आता, पुढून सांडते."
हातानं तिनं धसकटं बाजूला केली.
चार बोटांवर शेंगा तशाच लटकलेल्या,
पातं त्यांच्या डोक्यावरून गेलेलं.
खाली फुटक्या शेंगांची रिकामी टरफलं.
"पातं बोथट हाये. कापत नायी, हिसडते.
अन् तुमी कापता भर दुपारी.
तवा नुसतं बोट लावलं तरी हसते शेंग."

मी विचारलं, मोजलं कधी?
ती म्हणाली, "माह्या ओट्यातच हाये माप."

रात्री उमरेड रोडच्या दुकानाचं शटर वाजवून
पाती आणली, गार्ड आणले.
गुरमेजनं बॅटरी धरली.
कटरबार नवा, जमिनीच्या चढउताराबरोबर वाकणारा,
रीलला प्लास्टिकची बोटं, फिरकी हळू.
सकाळी, दहिवर उडतं न उडतं तोच
मशीन वावरात उतरलं,
पोटाशी धरून बाळ न्यावं तसं पीक आत नेत.
सहा. चार. पाच.
मालकानं माझ्या पाठीवर थाप मारली,
हातावर ठरल्यापेक्षा पाचशे जास्त ठेवले.
गुरमेज पहिल्यांदा हसला,
त्याचा एक दात सोन्याचा निघाला.

मागं तिघी चालत होत्या.
परवापर्यंत भागरताबाईचा ओटा
दुपारी गुडघ्याला टेकायचा.
आज दहादा वाकली की एक मूठ.
तिनं आवाज चढवला नाही,
मशीनकडं बघून तोंडही वाकडं केलं नाही.
एकदा थांबून धसकटं चाचपली,
खालच्या शेंगा कापल्या गेल्यात का पाहिलं
आणि मान हलवली,
पोराचं गणित बरोबर आल्यासारखी.

मला सांगायचं होतं मालकाला,
की पुढून सांडतं, हे मला कुणी दाखवलं.
पाचशेची नोट वरच्या खिशात होती.
मी पाना पुसत राहिलो,
पाना स्वच्छ झाल्यावरही.

शेवटची चौकट मी मुद्दाम तिच्या वाटेत टाकली.
पाच दाणे. तळहातावर घेऊन
उगाच पुन्हा मोजले.
सावली पडली तशी मान वर केली.

"झाले मोजून?"
हाव, म्हटलं.
तिनं ओटा पसरला.
"मंग दे इकडं."