उलटी सीट

उतार सगळ्यांनाच आवडतो.
सकाळी मेनिलमोंताँच्या टेकडीवरून
सायकली सुटतात, शाळा सुटल्यासारख्या.
संध्याकाळी माणसं मेट्रोने वर येतात,
सायकली खालीच.
रेप्युब्लिक चौकात एक खुंटा मोकळा नाही,
टेकडीवर खुंट्याला एक सायकल नाही.
असं का, ते मला विचारू नका.
पाण्याला विचारता का?

रात्री अकरा ते पहाटे सहा
मी आणि थिबो, एक व्हॅन, मागे ट्रेलर,
एका खेपेला वीस.
किन्शासात आई शेजारणींना सांगते,
आमचा फ्लोरिबेर पॅरिसच्या वाहतूक खात्यात आहे.
अगदीच खोटं नाही.
शहर दिवसभर जे खाली सांडतं
ते मी रात्री वर नेऊन ठेवतो,
आणि कंबर माझी दुखते.

सीट मागे तोंड करून असली
की समजायचं, सायकल आजारी आहे.
ब्रेक गेला, चेन उतरली, चाकात हवा नाही:
जो फसला तो पुढच्यासाठी सीट फिरवून जातो.
कुणी ठरवलं हे? कुठं लिहिलेलं नाही.
जिन्यात भेटले तर हेच लोक
ओळखही दाखवत नाहीत.

तर सातशे चौदा.
हिरवी, बिनविजेची, टोपलीला एक पोचा.
टेकडीवर, बेकरीसमोर, शेवटच्या खुंट्याला,
सीट उलटी.
मी ब्रेक दाबले. लागले.
चेन बघितली, तर ताजं तेल.
हवा टणक.
दुसऱ्या रात्री तीच, तिथंच, तशीच.
थिबो म्हणाला, घाल ट्रेलरमध्ये, नियम म्हणजे नियम.
मी म्हटलं, थांब, सिगारेट ओढू.

पाच वाजायला वीस कमी असताना ती आली.
पन्नाशीची असेल, पायात हॉस्पिटलातले पांढरे बूट,
केस ओले.
इकडं तिकडं न बघता तिने सीट सरळ केली,
घरची कडी काढावी तशी,
आणि गेली. घंटीसुद्धा वाजवली नाही.

चोरी म्हणावी का याला?
पैसे ती भरतेच.
फक्त सगळ्यांच्या मालकीच्या एका वस्तूला
तिने सांगून ठेवलं होतं: जाऊ नकोस कुठं.

पण खरं नवल पुढं आहे.
ती सायकल आम्ही एकदाही वर आणली नाही.
सातशे चौदा आपली आपण चढून येत होती.
म्हणजे ती बाई,
दिवसभर दुसऱ्यांच्या चादरी बदलून,
तिसऱ्या गिअरवर कुरकुरत,
जिथं तरुण पोरं पायडलवर उभी राहतात
आणि मग उतरून ढकलायला लागतात,
तिथून.
अख्ख्या टेकडीवर एकटी चढणारी.
थिबोने नाव ठेवलं, मादाम सातशे चौदा.
त्यानंतर सिगारेट न ओढताही आम्ही तिथं थांबायचो.

नोव्हेंबरात एका रात्री खुंटा रिकामा.
दुसऱ्या रात्रीही.
आठवडाभर बेकरीचा दिवा पेटायचा
आणि कुणीच यायचं नाही.
थिबो म्हणाला, दुरुस्तीला नेली असेल.
बाईला? मी विचारलं.
तो काही बोलला नाही,
रेडिओ लावला.

परवा माझी बदली पूर्वेच्या पट्ट्यात झाली.
व्हॅन्सेनच्या जंगलाकडे, सपाट रस्ते,
इथं सायकली फारशा हलवाव्याच लागत नाहीत,
रात्र संपता संपत नाही.
कोपऱ्यावरच्या तळावर अठरा हिरव्या,
आणि शेवटच्या खुंट्याला एक,
टोपलीला पोचा,
तोंड मागे.

नव्या जोडीदाराने पान्हा काढला.
म्हटलं, राहू दे, ती बरी आहे.
तुला कसं कळलं?
मी पुढच्या चाकात थोडी हवा भरली.
गरज नव्हती खरं तर.