करकर

वाव्रिनेत्स दिसायच्या आधी ऐकू यायचा.
खुज्या पाइनच्या शेवटच्या वळणावर
त्याच्या पाठीवरची लाकडी चौकट करकरायची
आणि मी शेगडीवर पाणी ठेवायचे.
पाण्याला उकळायला नि त्याला दारात पोचायला
सारखाच वेळ लागायचा.
सव्वीस वर्षं आमचं घड्याळ हेच.

तात्राच्या या उंचीवर गाडी येत नाही, खेचरही नाही.
बटाटे, बिअरची पिंपं, गॅसची टाकी,
एकदा तर कुणा प्रोफेसरसाठी आरामखुर्ची,
सगळं माणसाच्या पाठीवरून येतं.
(त्या खुर्चीवर तो वाटेत दोनदा बसला.
प्रोफेसरला आम्ही सांगितलं नाही.)

चौकट त्याच्या बापानं केलेली, अ‍ॅशच्या लाकडाची.
खालची आडवी पट्टी मोडली, तिथं आता
हॉकीच्या काठीचा तुकडा.
खांद्याचे पट्टे तीनदा बदलले, शेवटचे
बंद पडलेल्या गिरणीतले.
पाठ टेकते तिथं लाकूड काळं, गुळगुळीत,
नुसत्या घामानं पॉलिश झालेलं.
आणि त्याच्या खांद्यांवर, मी पाहिलंय,
तसेच दोन गुळगुळीत डाग.
कोण कुणाच्या अंगवळणी पडलं
सांगता येणार नाही.

मागच्या जूनमध्ये तो आला आणि मला कळलंच नाही.
मी कोबी चिरत होते. वळले, तर मागे माणूस उभा.
पाठीवर अ‍ॅल्युमिनियमची नवी चौकट,
चकचकीत. मुकी.
“जुनीचे दिवस भरले, हेद्विगा. पट्टे गेले तिचे.
ही हलकी आहे. चार किलो वाचतात.”
ज्यानं अख्खं डोंगरघर पाठीवरून वर आणलं
तो मला चार किलो सांगत होता.
चहा तयार नव्हता.
उभ्या उभ्या पाणी प्यायला आणि उतरला.

मालक तिबोरनं जुनी मागून घेतली,
जेवणघरात खिळ्याला टांगली.
पर्यटक तिच्याखाली फोटो काढू लागले.
एका पोरीनं तिला शिडी समजून
वर काय आहे, विचारलं.

ऑक्टोबरात दक्षिणेचं वारं सुटलं.
मध्यरात्री करकर ऐकली
नि झोपेतच उठून मी पाणी ठेवलं.
जेवणघरात कुणी नाही.
फटीतून वारा येत होता, खिळ्यावर ती हलत होती.
दोन कप भरून झाले होते. दोन्ही मीच प्यायले.
दुसऱ्यात रम जास्त होती.

सकाळी तो आला तशी खिळ्यावरून काढली,
त्याच्या पुढ्यात ठेवली.
“कांदे संपलेत. हिच्यावर आण.”
“हिचे पट्टे...”
“पट्ट्यांना काय धाड भरलीय?”
तो माझ्याकडे बघत राहिला. मग तिला पाठीवर घेतलं,
झोपलेलं पोर घेतात तसं,
आवाज न करता.

दुसऱ्या दिवशी दुपारी वळणावर ती बोलली.
मी किटलीला हात घातला आणि तशीच थांबले.
पूर्वी कर-कर, कर-कर चालायचं, जात्यासारखं.
आता
कर.
मग बराच वेळ काही नाही.
मग पुन्हा कर.
मधे एवढी शांतता, की जणू कुणी
डाव्या गुडघ्याची समजूत घालतंय.

असं आहे तर.
पट्टे गेलेच नव्हते.
दाराशी येईतो हा पाठ ताठ करायचा, हसायचा,
आणि ती नवी, परकी, याचं गुपित सांभाळायची.
ही जुनी घरातली. हिच्या पोटात काही राहत नाही.

खिडकीशी मी गेले नाही.
किटली ठेवली
आणि आच अगदी बारीक केली.
आज पाण्याला घाई नको.