मातीने काय खाल्लं

एप्रिलमध्ये अग्निशमन दलाच्या शेडमध्ये
तिलेन आला, ल्युब्लियानाहून,
खोकं भरून पांढऱ्या चड्ड्या घेऊन.
शुद्ध सुती, कोऱ्या, सगळ्या एका मापाच्या.
म्हणाला, वीतभर खोल पुरा, दोन महिने विसरून जा,
मग उकरू आणि बघू
मातीने काय खाल्लं.
जिवंत माती भुकेली असते.

मागच्या बाकावरची पोरं हसून आडवी झाली.
वही माझ्याकडे होती:
नाव, शेत, पीक, तारीख, वजन, शेरा.

श्तेफ्काने चड्डी घेतली नाही.
पिशवीतून घडी काढली.
लोयझेचा बनियन. चालेल का? सुतीच आहे.
तिलेन अडखळला,
नमुने सारखे हवेत, तरच शास्त्र.
मग तिच्याकडे बघून मला म्हणाला,
लिही. एकोणीस-अ.

लोयझेला पुरलं त्या दिवशी आमच्या खोऱ्यात
बुर्या सुटला होता, छपरांवर दगड ठेवायला लावणारा वारा.
दिलेली मूठमाती
उलटी आमच्याच कोटांवर येत होती.
ती कोट झटकत नव्हती, एवढं आठवतं.

जूनमध्ये बंबापासून लिंडनच्या झाडापर्यंत दोरी बांधली.
लक्तरं वेशीवर टांगू नयेत म्हणतात.
आम्ही टांगली, चिमटे लावून, क्रमांकवार,
आणि खाली लिंबू सरबत विकलं.

आंद्रेय्काच्या द्राक्षमळ्यातून
नुसतं कमरेचं इलॅस्टिक आलं.
टाळ्या.
शाळेच्या वाफ्यातून एक शिवण, एक लेबल
आणि लेबलवर झोपलेलं गांडूळ.
जितकं फाटकं तितकी शाबासकी,
असा दिवस गावाने पाहिला नव्हता.

मग बोरुतची. वीस हेक्टर मका,
दरसाल वेळेवर खत, वेळेवर फवारणी.
चड्डी जशीच्या तशी.
धुऊन उद्या घाल, कुणीतरी ओरडलं.
बोरुतही हसला, सगळ्यांत मोठ्याने,
मग इस्त्रीच्या रुमालासारखी तिची चौघडी करून
खिशात ठेवली.
सरबत संपल्यावर, बंबाच्या आडोशाला
तिलेनला हळूच विचारताना मी ऐकलं:
तिला खायला काय घालू?

श्तेफ्काने कुदळ नाकारली.
गुडघ्यांवर बसून हातांनी उकरलं.
गळा नव्हता, बाह्या नव्हत्या, पाठ नव्हती.
काळ्या मातीतून तिने अलगद उचललं ते
खांद्यावरचं जाळं होतं,
तळहाताएवढं, आडवे-उभे टाके.
लोयझे बनियनमधून निघून गेला होता,
बनियन रफूतून निघून गेला होता,
आणि टाके तसेच,
कशालाही न धरता धरलेले.

नायलॉन, तिलेन म्हणाला. हे पचत नाही मातीला.
त्याच्याच गळाची दोरी, ती म्हणाली,
घरात तेव्हा दुसरा दोरा नव्हता.
काट्यावर दोन ग्रॅम.
मी शेऱ्याच्या रकान्यावर पेन टेकवून थांबलो.
लिही, ती म्हणाली,
नवीन घे म्हणून सांगितलं होतं, ऐकला नाही.

मी लिहिलं.

ऑगस्टमध्ये निकाल छापून आला,
शेडच्या दारावर लावला. आलेख, टक्केवारी,
बोरुतच्या नावापुढे खालून पहिला क्रमांक,
त्याने तो स्वतःच येऊन सरळ केला, चिकटपट्टी सुटली होती.
खाली बारीक अक्षरात:
सरासरीत एकोणीस-अ धरलेला नाही.

त्या खड्ड्यावर आता घेवडा आहे.
वेल काठीला बांधलाय
कुठल्याशा वेड्यावाकड्या, गाठी-गाठीच्या दोऱ्याने.
वारा आला की काठी हलते.
दोरा सुटत नाही.