कंसात हशा

चोपड्याच्या नगरवाचनालयात, मागच्या खोलीत,
सतरा नंबरची टेप लावली तेव्हा
बाहेर केळीचा ट्रक रस्ता अडवून उभा होता
आणि आत सुपडू सोंगाड्या खोकला.
खोकूनच यायचा तो फडावर.
नुसत्या खोकल्यावर अर्धं मैदान लोळायचं.

यंदा शंभरी त्याची.
नव्या रंगमंचाला त्याचं नाव, सर्वानुमते,
आणि दगडावर कोरायच्या चार ओळी माझ्याकडे.
धरणगावचा पाथरवट दोनदा फोन करून गेला,
अक्षरामागं तीस रुपये, जोडाक्षराचे चाळीस.

टेपवरचं कागदावर उतरवतो खुमसिंग पावरा,
हंगामी लिपिक, सातपुड्यातल्या पाड्यावरचा.
लोक हसले की कंसात ‘हशा’ लिहायचं,
मीच सांगितलं होतं.
त्यानं इमानानं लिहिलं:
पाटलाच्या मिशीवर हशा.
तलाठ्याच्या दौतीवर हशा.
सावकाराच्या ढेकरेवर मोठा हशा, शिट्ट्या.
आम्ही दोघंही हसलो, चहा सांडला थोडा.

मग सुपडू भिलडा झाला.
टेपवर काजळी दिसत नाही,
पण मी पाहिलीय, बत्तीच्या काचेची,
कानामागं सुद्धा चोपडलेली.
कमरेला लिंबाचा पाला, हातात मोडकं धनुष्य,
आणि मामलेदाराच्या रिकाम्या खुर्चीला
तो लोटांगण घालतो, कोंबडी कबूल करतो,
खुर्ची बोलत नाही म्हणून रडतो.

खुमसिंगचं पेन थांबलं नाही.
हशा. हशा. प्रचंड हशा.
अक्षर तेवढंच सुरेख.

मीच बटण दाबलं.
म्हणालो, काळच तसा होता रे.
तो म्हणाला, हो सर.
त्या काळात आम्ही पण होतो.

काय कोरायचं आता?
ज्या गावानं सुपडूला खांद्यावर नाचवलं
त्याच गावानं कनातीमागं त्याला चहा पाजला
करवंटीत, वरून, हात लागू न देता.
आणि रात्री उजेडात येऊन
त्यानं ती करवंटी पुढं सरकवली,
आपल्याहून खालचा कोणी शोधून.
हे लिहिलं तर सुपडू सुटतो का?
की गाव सुटतं?
मला वकिली येत नाही.
आणि मेलेल्या माणसाला पिंजऱ्यात उभं करायचं
तर साक्षीला सगळे आपल्याच घरचे.

खुमसिंग म्हणाला, सर, जरा मागं घ्या.
घेतली.
तिथं सुपडू तोंड वेडंवाकडं करून
पावरी बोलतो, चुकीची, अर्धी उसनी,
पण त्यात एक शब्द बरोबर आहे,
महू वेचायच्या लहान टोपलीचा.
माझी आजी म्हणायची, तो म्हणाला.
आता पाड्यावर कोणाला येत नाही.
तीनदा ऐकला त्यानं तो शब्द.
तीन वेळा त्याच्या मागोमाग लोक हसले.
मग वहीच्या मागच्या पानावर
कामाचा नसलेला, तो टिपून घेतला.

मी खिडकीपाशी गेलो. ट्रक हलला नव्हता.
टेप चालूच होती, आणि त्या हशात
एक हसणं सगळ्यांच्या आधी सुरू होत होतं,
सगळ्यांच्या नंतर संपत होतं,
मधे शिट्टीसारखा श्वास ओढत.
माझा बाप.
जिनातल्या कापसानं भरलेली छाती त्याची,
असा दुसरा कोणी हसत नसे गावात.
आणि त्याच्या अगदी जवळ, मांडीवरूनच बहुतेक,
एक किरटा आवाज:
आखो कर ना भो! आखो!

हे पोरगं कोण ओरडतंय, खुमसिंगनं विचारलं,
पेन कागदावर टेकवून.
कंसात काय लिहू?

खोलीत पंखा होता, तो फिरत होता.
मी म्हणालो,
लिही, एक प्रेक्षक.

त्यानं लिहिलं.