प्रयोगार्थी क्रमांक सात

महापेच्या दुसऱ्या मजल्यावर, एसी जरा जास्तच,
मी माणसांच्या चुका मोजतो.
पगार त्याचाच.

आज पदीबाई मढवी, दिवा कोळीवाडा, ऐरोली.
वय त्यांच्या मते साठ, आधारच्या मते त्रेसष्ट.
काम सोपं : घरपट्टीचं बिल शोधा.
पडद्यावर बावीस दुवे, त्यातला एक बरोबर.

माझ्याजवळ सिद्धांत आहे.
बरोबर वळणाला बक्षीस मिळालं की ते वळण मुरतं,
चुकीचं आपोआप गळून जातं.
उंदरांनी तरी कधी तक्रार केलेली नाही.

पदीबाई 'नागरी सुविधा' दाबतात. चूक.
मागे येतात.
पुन्हा तेच दाबतात.
मी रकान्यात लिहितो : चूक, तीच.
तिसऱ्यांदा तिथंच गेल्यावर मात्र पेन थांबतं,
नियम मोडून विचारतो, का हो?

"आत काय काय हाय तां बगून ठेवतंय.
आज नाय, उद्या लागंल.
खाडीन सुकतीला फिरून येवाचा,
गाल कुठं, खरप कुठं.
मंग राती होरी आपसूक जाते."

उंदरांतही असे काही निघाले होते,
खाऊ नसताना नुसतेच हिंडणारे बोळाबोळांतून.
ज्या दिवशी खाऊ ठेवला
त्या दिवशी कुणाला विचारावं लागलं नाही त्यांना.
हे मी परीक्षेत लिहिलं होतं, सात गुणांना.
माझ्या तक्त्यात त्याला रकाना नाही.

बिल अकराव्या मिनिटाला सापडलं. सरासरी चार.
ठरल्याप्रमाणे तीनशे रुपयांचं कूपन दिलं, फोनवर.
"आता हा कुठं दाबवाचा?" म्हणाल्या, आणि
इतक्या हसल्या की बाहेर बसलेला
क्रमांक आठ दारातून डोकावला.

खाली रिक्षावाल्याला त्या सेक्टर सांगत नाहीत.
सेक्टर मागाहून आले, त्यांच्या भाताच्या खाजणावर.
उघडीच्या अलीकडं, म्हणतात.
पोरगा नकाशा काढतो, त्यात उघडी नाही.
चल रं, दाखवतंय.

रात्री घणसोलीत, अकरावा मजला,
माझा अंगठा पडदा खाली ओढतो, सोडतो, ओढतो.
कधी काही येतं. बहुतेकदा नाही.
म्हणूनच तर सुटत नाही,
हेही पाठ आहे मला, व्याख्येसकट.

पावणेदोनला उठून पाणी प्यायलो.
मग पालिकेचं पान उघडलं, काही काम नसताना,
आणि 'नागरी सुविधा' दाबलं.
उद्यानं. स्मशानभूमी. कुत्र्याचा परवाना.
तळाशी खाडीच्या भरती-ओहोटीचं वेळापत्रक,
मागच्या वर्षीचं.